जुनं कनेक्शन सगळ्यात शेवटी तोडा

मोबाइलची कंपनी बदलणं 2011 पासून सोपं झालं. नंबर तोच राहतो, नवं सिम चालू झालं की जुनं आपोआप बंद. घरच्या ब्रॉडबँडला मात्र ही सोय नाही. नवं कनेक्शन वेगळं घ्यायचं आणि जुनं आपणच बंद करायचं, त्यामुळे कामांचा क्रम चुकला की घर आठवडाभर नेटविना राहतं.

सुरुवात शेजाऱ्यांपासून करा. आमच्या चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला पुणे रस्त्यावरून कंटेनर आत वळतात. खांबावरून लोंबणारी वायर त्यांना अडकली की अख्ख्या गल्लीचं नेट जातं. म्हणून ‘स्पीड किती?’ याआधी ‘वायर तुटल्यावर जोडायला माणूस किती वेळात येतो?’ हे विचारा, आणि तेही ते कनेक्शन वापरणाऱ्याला. आणखी एक बघा. कंपन्यांची नावं दोन असली तरी वायर ओढणारा आणि दुरुस्तीला येणारा केबलवाला एकच असू शकतो. तसं असेल तर बदलून फारसं काही साधत नाही.

दर विचारताना 18 टक्के जीएसटी, राउटरचं डिपॉझिट आणि जोडणीचा खर्च धरून एकूण रक्कम विचारा. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो, पण पहिल्यांदा एकाच महिन्याचा घ्या.

जोडणीच्या दिवशी स्वतः घरी थांबा. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं. फायबर काचेची असते. चौकटीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबली की प्रकाश गळतो, म्हणून वळण गोल हवं. तिच्या उघड्या टोकात डोकावू नका. जोडणाऱ्याकडे पॉवर मीटर असतो, त्यावरचा आकडा बघा. साधारण मायनस 15 ते मायनस 25 डीबीएम असेल तर ठीक. मायनस 27 च्याही खाली गेला तर सांधा पुन्हा करून मागा. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तक्रार करताना तोच कामी येतो.

आता आठ दिवस दोन्ही कनेक्शनं चालू ठेवा. थोडे पैसे जास्त जातात, ते जाऊ द्या. रात्री नऊला, सगळ्या घरांत टीव्ही चालू असताना, स्पीड तपासा. लाइट गेल्यावर राउटर छोट्या यूपीएसवर किती टिकतो तेही बघा. नव्या वायफायचं नाव तोवर वेगळं असू द्या. जुनं बंद केल्यावर त्याचंच नाव आणि पासवर्ड नव्याला द्या, म्हणजे टीव्ही, कॅमेरे, फोन सगळं आपोआप जोडलं जातं.

बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, विनंती क्रमांक घ्या, यूपीआयवरचं ऑटोपे स्वतः बंद करा. डिपॉझिट अडलं तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

मी राउटर परत दिला, पण पावती घेतली नाही. तीन महिन्यांनी त्याच राउटरचं बिल आलं आणि परत दिल्याचं दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तुम्ही सीरियल नंबर लिहिलेली पावती हातात पडल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.