व्हाइट बेल्ट आणि अर्जुन

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७ ते १०



कॉलेजात चार वर्षं शोतोकान कराटे केलं, ब्राउन बेल्टपर्यंत पोचलो. मग नोकरी लागली आणि सगळं सुटलं. गेल्या महिन्यात घराजवळच्या गोजू-र्‍यू क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी हातात व्हाइट बेल्ट! त्यात सर माझ्याहून वयाने लहान. मी ऐटीत लांब, खाली बसलेला स्टान्स घेतला. ते म्हणाले, "दादा, इथे सान्चिन. पायांत खांद्याएवढं अंतर, पुढची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत."

मी लगेच, "आमच्याकडे असं नसतं."

तासाभरात हे वाक्य तीन-चार वेळा तरी झालं. ऑफिसात नवीन आलेला मुलगा "आमच्या आधीच्या कंपनीत..." सुरू करतो तेव्हा मला वैताग येतो. मी तेच करत होतो. घरी येऊन ठरवलंसुद्धा, आता जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनात नेमका हा भाग आला. सातव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. द्रोणाचार्यांच्या हाताखाली तयार झालेला एवढा मोठा धनुर्धर, पण शिष्य व्हायला लाजत नाही. गंमत पुढे आहे. नवव्या श्लोकात तोच म्हणतो, मी लढणार नाही, आणि गप्प बसतो. म्हणजे शिष्यत्व पत्करलं, पण उत्तर आधीच ठरवून ठेवलं! दहाव्यात श्रीकृष्ण जणू हसत बोलायला लागतात. ते हसू मला माझ्यासाठीच वाटलं. कमरेला व्हाइट बेल्ट, मनात ब्राउनच.

पण मोकळं मन म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच अर्जुन विचारतो, कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ, तर मला या घोर कर्मात का ढकलतोस? आणि अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात भगवंत म्हणतात, याचा पूर्ण विचार कर, मग तुला वाटेल तसं कर. आधी ऐकणं, मग प्रश्न, मग विचार, शेवटी निर्णय. मी निर्णयापासूनच सुरुवात केली होती.

परत गेलो. सान्चिनमध्ये उभा राहिलो. सरांनी खांदे जोरात दाबून बघितले, पाय हलले नाहीत. मग विचारलं, "हा आखूड का?" ते म्हणाले, "लांब स्टान्स अंतर कापायला. हा जवळून भिडायला." शोतोकान चूक नव्हतं, गोजू-र्‍यूही नाही. प्रश्नच वेगळा होता.

आजचा अभ्यास : नवीन जागी पहिले काही दिवस "आमच्याकडे" हा शब्द बंद. गुडघा दुखला तर जरूर सांगा, शंका जरूर विचारा. जिथे विचारूच देत नाहीत, ती जागा सोडायलाही हरकत नाही. फक्त निर्णय शेवटी घ्या.

राम कृष्ण हरी!