बास मासा आणि कृत्रिम आमिष

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नदीकाठी बसलेला माणूस आपल्या देशात सर्वत्र दृष्टीस पडतो. अन्न समोर दिसताच मासा गळाला लागतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. परंतु रंगवलेला लाकडाचा तुकडा, धातूचे फिरते पाते किंवा प्लॅस्टिकची लवचीक पट्टी यांत अन्नाचा अंशही नसतो. तरीही उत्तर अमेरिकेतील एक मासा त्यांच्यावर त्वेषाने झडप घालतो. मोठ्या तोंडाचा बास हा तो मासा होय. तो असे का करतो, हे समजून घेतल्यास त्याला पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक साधनामागील कारण उलगडते.

माशाची घडण

या बासाचा मूळ प्रदेश अमेरिकेचा पूर्व व मध्य भाग असून तो उत्तरेस मोठ्या सरोवरांपासून दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेला आहे. संथ आणि पाणवनस्पतींनी भरलेले गोडे पाणी त्याला मानवते. त्याची पाठ हिरवट व पोट फिकट असते आणि कुशीवरून काळसर डागांचा एक पट्टा जातो. तोंड मिटलेले असता वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे पोचते. त्याचे नाव यावरूनच पडले आहे.

हा मासा भक्ष्याचा दूरवर पाठलाग सहसा करीत नाही. पाणवनस्पती, बुडालेली झाडे किंवा खडक यांच्या आडोशाला तो दबा धरून राहतो. लहान मासा, बेडूक किंवा शेवंड्यासारखा दिसणारा क्रेफिश टप्प्यात आला, की तो एकदम तोंड उघडतो. तोंडाची पोकळी अकस्मात वाढल्याने तेथील दाब कमी होतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. हे सारे निमिषमात्रात घडते. समोरची वस्तू खाण्याजोगी आहे की नाही, याची खात्री करीत बसला तर भक्ष्य निसटून जाईल. म्हणून अनेकदा तो आधी वस्तू तोंडात घेतो आणि नको असल्यास मागाहून थुंकून टाकतो. कृत्रिम आमिषाचे सारे यश या एका क्षणावर अवलंबून असते.

दृष्टी आणि स्पंदन

बासाच्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार हिरव्या प्रकाशाला, तर दुसरा तांबड्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की हे मासे तांबडा व हिरवा रंग चांगले ओळखतात. मात्र पिवळसर हिरवा आणि पांढरा, त्याचप्रमाणे निळा आणि काळा, यांतील फरक त्यांना नीट कळत नाही. दुकानात मांडलेल्या आमिषांच्या असंख्य रंगछटांपैकी पुष्कळांचा भेद माशाच्या लेखी नसतोच.

गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळ्यांचा उपयोग कमी होतो. तेथे पार्श्वरेखा कामी येते. डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही कुशींवर पसरलेले हे इंद्रिय पाण्याची जवळपासची हालचाल टिपते. म्हणून स्वच्छ पाण्यासाठी नैसर्गिक रंगरूपाचे व शांतपणे सरकणारे आमिष निवडतात, तर गढूळ पाण्यासाठी गडद रंगाचे आणि पाणी जोराने ढवळणारे.

आमिषाचे चार प्रकार

पहिला प्रकार पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारा. त्याचे तोंड खोलगट असल्याने दोरीला हिसका देताच ‘डुबुक’ असा आवाज होतो आणि बेडूक किंवा जखमी मासा धडपडत असल्याचा भास निर्माण होतो. पहाटे व संध्याकाळी तो विशेष उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार बुडी मारणारा. याच्या तोंडाशी एक तिरपी पट्टी असते. दोरी ओढली, की पट्टीवर पाण्याचा दाब पडून आमिष खाली जाते आणि डाव्या-उजव्या बाजूंना डुलू लागते. सामान्यतः पट्टी जितकी लांब, तितके ते अधिक खोल उतरते.

तिसरा प्रकार फिरत्या पात्याचा. हे पाते चमकते आणि पाण्यात स्पंदनेही निर्माण करते. त्यामुळे माशाची दोन्ही इंद्रिये एकाच वेळी जागृत होतात.

चौथा प्रकार मऊ प्लॅस्टिकचा किडा. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ साली असे किडे तयार केले. यात गळाचे टोक किड्याच्या अंगातच लपवता येते. त्यामुळे दाट पाणवनस्पतींतून ओढला तरी गळ अडकत नाही. माशाने तोंड मिटले आणि काठीला झटका दिला, की मात्र टोक बाहेर येते. शिवाय हा किडा मऊ असल्याने मासा तो लाकडी आमिषापेक्षा काहीसा उशिरा थुंकतो.

दोरी, काठी आणि रीळ

दोरीची निवड करताना पदार्थविज्ञानाचे साधे नियम उपयोगी पडतात. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा थोडीच अधिक असते व ते ताणले जाते; हा ताण माशाचा हिसका सोसून घेतो. पॉलिएथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली दोरी पाण्याहून हलकी असल्याने तरंगते व फारशी ताणली जात नाही. म्हणून पृष्ठभागावरील आमिषाला आणि दाट वनस्पतींतून मासा ओढून काढण्याला ती योग्य ठरते. फ्लुओरोकार्बनची दोरी पाण्याहून बरीच जड असल्याने बुडते. तिचा वक्रीभवनांक सुमारे १.४२ असून पाण्याचा १.३३ आहे. नायलॉनचा त्याहून अधिक, म्हणजे सुमारे १.५३ असतो. दोन अंकांतील अंतर जितके कमी, तितकी वस्तू पाण्यात अस्पष्ट दिसते. म्हणून स्वच्छ पाण्यासाठी पुष्कळ लोक हीच दोरी पसंत करतात.

जड आमिष आणि दाट वनस्पती यांसाठी जाड, ताठ काठी लागते. हलक्या आमिषासाठी लवचीक काठी. रिळांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एकात आमिष फेकताना रिळाची फिरकी स्वतः फिरते. तिच्यावर अंगठ्याचा दाब ठेवला नाही, तर आमिष मंदावल्यावरही ती फिरत राहते आणि दोरीचा गुंता होतो. दुसऱ्यात फिरकी स्थिर राहते व दोरी तिच्या टोकावरून वेटोळ्यांनी सुटते. हे रीळ नवशिक्याला व हलक्या आमिषाला सोयीचे असते.

ऋतू आणि वीण

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. थंडीत त्याचे पचन व हालचाल मंदावते. त्या काळात आमिषही सावकाश ओढावे लागते. वसंतात पाणी सुमारे १६ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की वीण सुरू होते. नर उथळ तळाशी शेपटीने खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि पुढील राखण एकटा नर करतो. या दिवसांत तो फारसे खात नाही. तरीही घरट्याजवळ आलेल्या आमिषावर तुटून पडतो. ही झडप भुकेची नसून रक्षणाची असते. अशा नराला थोडा वेळ जरी पाण्याबाहेर नेले, तरी आसपासचे लहान मासे घरट्यात शिरून अंडी फस्त करतात.

गळाची निवड

गळाला कोणते मासे लागतात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इलिनॉय राज्यातील रिज लेक या तळ्यात १९७५ साली एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. पकडलेला प्रत्येक बास मोजून, खूण करून पुन्हा पाण्यात सोडला जाई. चार वर्षांनी तळे रिकामे केले तेव्हा १,७०० हून अधिक मासे मिळाले. काही मासे पुनःपुन्हा गळाला लागले होते. पण सुमारे २०० मासे एकदाही लागले नव्हते. या दोन गटांची वेगवेगळी पैदास तीन पिढ्यांपर्यंत केली असता गळाला लागण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असल्याचे दिसून आले. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असेही आढळले, की सहज गळाला लागणारे नरच आपल्या घरट्याची अधिक निष्ठेने राखण करतात.

याचा अर्थ गंभीर आहे. ज्या आक्रमक वृत्तीमुळे नर शत्रूला पिटाळून लावतो, त्याच वृत्तीमुळे तो आमिषावर झडप घालतो. गळ तळ्यातील कोणताही एक मासा उचलीत नाही. उत्तम पालक असणाऱ्या माशांना तो विशेषेकरून निवडतो. ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, तर तळ्यात गळ ओळखणारे नव्हे, तर पिलांची काळजी कमी घेणारे मासे वाढण्याचा धोका आहे. अमेरिका व कॅनडातील काही भागांत विणीच्या काळात बासाच्या शिकारीवर बंदी किंवा मर्यादा घातलेली असते. इतर दिवसांतही पुष्कळ लोक पकडलेला मासा जिवंत सोडून देतात. अंगावरील चिकट संरक्षक थर निघू नये म्हणून त्याला ओल्या हातांनी धरतात, आणि शक्य तितक्या लवकर त्याच्या मूळ जागी पाण्यात सोडतात.