बयाणा पाठवण्यापूर्वी

सावंतवाडी

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोचले. बंद पडलेल्या एका कारखान्यातला ड्रम सँडर तुला निम्म्या किमतीत मिळतो आहे, मालकाचा दोन दिवसांत उत्तर देण्याचा तगादा आहे, आणि तरीही बयाणा पाठवण्यापूर्वी तू मला विचारलेस, याचे समाधान वाटले. कारण अठरा वर्षांपूर्वी अशाच निकडीत, कोणालाही न विचारता मी असे एक यंत्र घेतले होते, आणि ते टेम्पोतून उतरवून चार हमालांची मजुरी चुकती केल्यावर माझ्या ध्यानात आले की त्याची मोटर थ्री फेजची, ४१५ व्होल्टची, आणि माझ्याकडची जोडणी मात्र घरगुती, सिंगल फेजची. विकणारा खोटे बोलला नव्हता. मीच विचारले नव्हते. तेव्हा सर्वप्रथम मोटरवरची पाटी वाच, मग भावाचे बोल.

रंगावर मुळीच जाऊ नकोस; आपल्या दमट हवेत तो एका पावसाळ्याचा सोबती. वीज बंद करून, मोटरचा पट्टा उतरवून, काचकागद गुंडाळलेला ढोल हाताने सावकाश फिरव. बेअरिंगमध्ये वाळू शिरल्यासारखी खरखर बोटांना जाणवली, तर नव्या बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून माग. नंतर पट्टा चढवून यंत्र पंधरा मिनिटे चालव, पुन्हा बंद कर, आणि बेअरिंगच्या घरावर हात ठेवून ते फार तापले आहे का पाहा. खालचा सरकपट्टा एका बाजूस ओढत असेल तर तो नीट करून दाखवण्यास सांग.

याहून महत्त्वाची परीक्षा घरूनच घेऊन जा. सागाच्या एकाच फळीतून दोन बोटे रुंद, हातभर लांब अशा दोन सारख्या पट्ट्या काढ. तिथे गेल्यावर उंचीच्या चाकाला हात न लावता एक ढोलाच्या डाव्या टोकाखालून आणि दुसरी उजव्या टोकाखालून काढून दोहोंची जाडी व्हर्नियरने मोज. फरक आढळला तर ढोल आणि मेज समांतर नाहीत. तो दोष बहुतेक यंत्रांत स्क्रू फिरवून निघतो, पण तो तुझ्या देखत निघाला पाहिजे, कारण सांगाडाच वाकलेला असेल तर त्याला इलाज नाही. पुढे त्याच पट्ट्या खिडकीच्या उजेडात तिरप्या धरून पाहा. जवळजवळ आडव्या लाटा दिसल्या तर बेअरिंग झिजल्याचा किंवा ढोल पूर्ण गोल नसल्याचा संशय घे. सबंध लांबीभर एकच उभी रेघ दिसली तर घाबरू नकोस, काचकागदावर, आपले सुतार ज्याला पॉलिश पेपर म्हणतात त्यावर, चिकाचा डाग जळून बसला असेल, आणि तो कागद बदलला की जातो. ढोलावर गुंडाळायच्या कागदाची जुनी पट्टी मालकाकडून अवश्य मागून घे. तिच्या दोन्ही टोकांचा तिरपा काप हाच नवी पट्टी कापण्याचा नमुना, आणि तो अंदाजाने साधत नाही.

आता वापराविषयी. या यंत्राकडून रंध्याचे काम करून घेण्याचा मोह तुला होईल, मलाही झाला होता. ८० नंबरच्या कागदाने एका फेरीत पाव मिलिमीटरपेक्षा अधिक घेऊ नकोस, १२० आणि १५० वर त्याहूनही कमी. चाक जरा जास्त दाबलेस की ढोलाचा आवाज जड होतो, सागाचे तेल तापते आणि फळीवर काळा चट्टा उमटतो, जो काढण्यासाठी पुन्हा ८० पासून आरंभ करावा लागतो. फळी किंचित तिरपी सोडावी, आणि दर खेपेस मेजावरची जागा बदलावी, म्हणजे कागद सर्वत्र सारखा झिजतो. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल आधी खरवडून काढ. तो कागदाची रंध्रे बुजवतो. दाबाच्या दोन रुळांमधील अंतरापेक्षा आखूड तुकडा कदापि आत घालू नकोस, आणि कोणालाही फळीच्या सरळ रेषेत उभे राहू देऊ नकोस.

धुळीच्या बाबतीत मात्र मी विनंती करत नाही, ताकीद देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना १९९५ सालीच मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे, आणि ढोलाखालून निघणारी धूळ रंध्याच्या भुशासारखी जमिनीवर पडत नाही, उन्हाच्या कवडशात तासभर तरंगत राहते. म्हणून तिला ओढून घेणाऱ्या पंख्याची तजवीज होईपर्यंत यंत्र सुरू करू नकोस, आणि त्यानंतरही मास्क काढू नकोस; पंख्याचा पैसा यंत्राच्याच किमतीत धर, मग ते निम्म्यात पडते की नाही हे तूच पाहशील.

मालकाने दोन दिवसांची मुदत वाढवली नाही तर त्याला जाऊ दे. वाढवली, तर शनिवारी मीही येतो; पट्ट्या तू काढ, व्हर्नियर मी आणतो.

तुझा,
नानाकाका