लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा



जून महिन्यात शाळा उघडते, कपाटातला लॅपटॉप बाहेर काढतो, बटण दाबतो आणि काहीच होत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून आणा." इथंच थांबा. विंडोज परत टाकता येते, पण वर्षभराची निकालपत्रकं, शिष्यवृत्तीच्या याद्या, मुलांचे फोटो परत येतीलच असं नाही.

आधी गाडी कुठं अडली ते शोधायचं. आपल्या कुर्डुवाडीचंच उदाहरण घ्या. पूर्वी पंढरपूरला जाणारा वारकरी इथं मोठ्या गाडीतून उतरायचा आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचा. लॅपटॉपमध्येही तसंच आहे. वीज येते, मग बायोस जागं होतं, ते डिस्क शोधतं आणि पुढचा कारभार विंडोजकडे देतं.

लाइटच लागत नसेल तर दोष बहुतेक विजेच्या बाजूला असतो. दुसरा सॉकेट, जमलं तर त्याच लॅपटॉपला चालणारा दुसरा चार्जर लावून बघा. सुट्टीभर पडून राहिलेली बॅटरी पार उतरलेली असते, तिला अर्धा तास तरी द्या. तरीही नाही? चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा चार्जर लावा. एवढ्यावर कितीतरी लॅपटॉप सुरू होतात. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? एचडीएमआय केबलनं वर्गातला टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर आतलं सगळं ठीक आहे, बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या वायरीचा.

'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर आधी पेनड्राइव्ह काढा. (हसू नका, हे फार वेळा होतं.) तरीही तेच येत असेल आणि आतून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. अशी डिस्क जितकी चालवाल तितका डेटा जाण्याचा धोका.

सगळ्यात जास्त वैताग विंडोजच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांचा. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले, आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी फाइल काढली की बहुतेक मशीन सुरू होत होती.

आपल्यालाही तोच रस्ता. लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथं ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबा. सेफ मोड उघडला की आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घ्या, दुरुस्ती नंतर. आपण शिक्षक सगळं डेस्कटॉपवरच ठेवतो ना! सेफ मोड उघडला नाही तर त्याच पडद्यावरचं 'स्टार्टअप रिपेअर' किंवा 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करून बघा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग'ला मात्र हात लावू नका.

मध्येच ४८ अंकी बिटलॉकर की मागितली तर घाबरू नका. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला, त्या खात्यात मोबाइलवरून लॉगिन केलं की ती बहुधा सापडते. बदली झालेल्या गुरुजींचं खातं असेल तर त्यांना फोन लावा.

यातलं काहीच जमलं नाही तर दुरुस्तीला द्यायचाच. देताना नुसतं "चालत नाही" म्हणू नका. लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवा: कुठपर्यंत सुरू होतो, स्क्रीनवर काय येतं आणि ठळक अक्षरात, 'आतला डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.'