शेंगांचे झाड आणि आपली लाल माती

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक 15:16) डुकरांना घातलेल्या ज्या शेंगांचा उल्लेख आहे, त्या कॅरोबच्या होत्या असे बहुतेक अभ्यासक मानतात. दाखला शिकवताना पाड्यांवर हमखास प्रश्न येतो: हे झाड आपल्या वाडीत लावता येईल का?

माझे उत्तर, नको. कॅरोब भूमध्य समुद्राभोवतालच्या चुनखडीच्या, कोरड्या टेकड्यांवरचे झाड. त्याला आम्ल माती मानवत नाही, मुळाशी पाणी साचलेले तर मुळीच नाही. शिवाय नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी, आणि फळाला अनेक वर्षे लागतात. जव्हार-मोखाड्याकडच्या डोंगरउतारांवर जोराच्या पावसाने मातीतला चुना वाहून जातो, म्हणून ती आम्ल होते. आंबा-काजू थोडी आम्लता सोसतात. त्यांच्या जागी पाहुणे झाड आणण्यात शहाणपण नाही.

पण प्रश्नाने एक चांगले केले, लोक मातीविषयी बोलू लागले. मातीचा सामू 7 असला तर ती उदासीन, त्याखाली आम्ल. 5.5 च्या खाली गेला की मातीतले अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळे खुरटतात, स्फुरद पिकाला मिळत नाही, आणि वाल-तुरीच्या मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत. भाताचे तसे नाही. खाचरात पाणी उभे राहिले की सामू आपोआप वर येतो. म्हणून चुन्याचा खरा फायदा भातामागून येणाऱ्या वालाला.

आधी माती तपासा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडा. सगळी माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र भरू नका, तपासणी चुकते. तालुका कृषी कार्यालयात विचारले की प्रयोगशाळेचा पत्ता मिळतो.

अहवालात सांगितला असेल तेवढाच शेतीचा चुना (चुनखडीची भुकटी) उन्हाळ्यात पसरून नांगरणीबरोबर मिसळावा. भिंतीला लावायचा चुना दाहक असतो, तो टाळा. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकदम टाकू नये, नत्र उडून जाते. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. पैसे नसतील तर चुलीची राख कोरडी साठवा. तिनेही आम्लता थोडी उतरते, आणि ती तर घरातच आहे.