क्लबची लांबी जमिनीपासून मोजा

टेपचं एक टोक ग्रिपवर, दुसरं हेडवर, की झालं गोल्फ क्लबचं माप, असा बहुतेकांचा समज असतो. मग एकच ड्रायव्हर एकाच्या टेपवर 45 इंच भरतो आणि दुसऱ्याच्या टेपवर अर्धा इंच कमी. टेप दोघांचीही बरोबर असते, घोळ खालच्या टोकाचा असतो. हेडला हील आहे, टो आहे, तळाला गोलाई आहे. यातला नेमका कोणता बिंदू धरायचा? गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी हा प्रश्न छान सोडवला आहे. वुड आणि आयर्नसाठी त्या हेडवरचा कोणताच बिंदू धरत नाहीत. क्लब टेकवला की शाफ्टची पाठ सरळ खाली जाऊन जिथे जमिनीला मिळेल, तिथे शून्य.

हे पक्कं लक्षात ठेवलं तर बाकीचं काम घरच्या टेबलावर होतं. आपल्याकडे पुष्कळांचा पहिला संच वापरलेला असतो, नाहीतर परदेशातल्या नातेवाइकाने आणून दिलेला. असा संच आधीच्या मालकाने कापून घेतला आहे की वाढवून, हे क्लबकडे पाहून कळत नाही. मोजूनच कळतं.

साहित्य फार नाही. धातूची टेप किंवा लांब स्टीलची पट्टी घ्या. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते, ती नको. निदान पाच फुटी सपाट टेबल हवं. ते नसेल तर फरशी चालेल. आणि जमिनीच्या जागी, नियमांत ठरवलेल्या 60 अंशांचा उतार असलेला एक लाकडी ठोकळा. त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतला 30-60-90 चा गुण्या जाड कागदावर गिरवा, सुताराला दाखवा आणि हेड मावेल एवढ्या रुंदीचा ठोकळा त्याच कोनात कापून घ्या. सगळी अचूकता या ठोकळ्यात आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

वुड आणि आयर्न

1. टेबलावर टेप सरळ चिकटवा. ठोकळ्याची आखूड बाजू टेबलावर बसवा, उताराची बाजू तुमच्याकडे, म्हणजे ग्रिप येणार त्या दिशेला ठेवा. उतार टेबलाला जिथे मिळतो ती धार टेपच्या शून्यावर आली पाहिजे. टेपच्या टोकाचा हूक मध्ये येत असेल तर धार 10 सेंटिमीटरच्या खुणेवर ठेवा आणि शेवटी तेवढे वजा करा. ठोकळा सरकू नये म्हणून मागे काहीतरी जड टेकवा.

2. क्लब टेबलावर आडवा ठेवा. शाफ्ट टेपला समांतर, टो वरच्या दिशेला.

3. क्लब ठोकळ्याकडे सरकवत नेऊन सोल उतारावर टेकवा. खेळताना जमिनीवर टेकतो तोच तळ उतारावर आला पाहिजे. हेड फिरून त्याची फटका मारायची बाजू वर किंवा खाली झाली तर माप बदलतं. हीलची गोलाई कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही, खाली थोडी फट राहते. ती फट लांबीत धरायची असते, म्हणून क्लब दाबून कोपऱ्यात घुसवू नका.

4. ग्रिपच्या टोकाला गुण्या उभा लावा आणि त्याची कड टेपवर कुठे येते ते वाचा. नुसत्या नजरेने वाचलं तर डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी आकडा दोनतीन मिलिमीटरने सरकतो.

5. क्लब उचला, पुन्हा ठेवा, पुन्हा वाचा. दोन्ही आकडे जुळले तरच लिहून ठेवा.

ग्रिपच्या टोकाबद्दल थोडं. ग्रिपच्या टोपीला बारीकसा फुगवटा असतो. नियमांप्रमाणे माप ग्रिपच्या माथ्यापर्यंत, म्हणजे फुगवट्यासकट. दुरुस्ती करणारे काही कारागीर मात्र टोपीच्या कडेपर्यंतच मोजतात. तीनेक मिलिमीटरचा हा फरक खेळायला जाणवणार नाही, पण दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकाच वहीत लिहिले तर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

ठोकळा नसेल तर जुनी पद्धत आहेच. क्लब खेळायच्या स्थितीत फरशीवर टेकवा, सोल सपाट बसू द्या आणि लांब पट्टी हीलच्या मागे, शाफ्टला लागून, जमिनीपर्यंत उभी धरा. इथे प्रत्येक क्लब आपापल्या कोनात उभा असतो, 60 अंशांत नाही. म्हणून हा आकडा ठोकळ्यावरच्या आकड्यापेक्षा किंचित वेगळा येऊ शकतो. आपलाच संच एकमेकांशी ताडून पाहायला ही पद्धत उत्तम आहे. स्पर्धेच्या मर्यादेचा प्रश्न असेल तर ठोकळाच हवा.

आणि ताडून जरूर पाहा. पुरुषांच्या नेहमीच्या स्टील शाफ्टच्या संचात पाच नंबरचा आयर्न साधारण 38 इंच, सात नंबरचा 37, नऊ नंबरचा 36, म्हणजे एका क्लबमागे अर्धा इंच. कंपनीगणिक सुरुवातीचा आकडा बदलतो, पण ही उतरंड सारखी असावी. मध्येच एखादा क्लब पाव इंचाने वर-खाली असेल तर त्याची ग्रिप किंवा शाफ्ट कधीतरी बदललेला असण्याची शक्यता मोठी. ब्रायसन डिशॅम्बोसारखा खेळाडू सगळे आयर्न मुद्दाम एकाच लांबीचे, साडेसदतीस इंचांचे वापरतो. ती योजना आहे, दोष नव्हे.

मर्यादाही माहीत असाव्यात. कोणताही क्लब 18 इंचांपेक्षा आखूड चालत नाही आणि पटर सोडून कोणताही 48 इंचांपेक्षा लांब चालत नाही. 2021 मध्ये फिल मिकेलसनने वयाच्या पन्नासाव्या वर्षी कियावा आयलंडवर पीजीए चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा त्याचा ड्रायव्हर या मर्यादेला जवळजवळ टेकलेला होता. 1 जानेवारी 2022 पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना ही मर्यादा 46 इंचांवर आणण्याची मुभा मिळाली आणि पीजीए टूरने ती लगेच वापरली. अशा स्पर्धेत जास्त लांब क्लबने एक फटका मारला तरी खेळाडू बाद होतो. दुकानातले ड्रायव्हर 45 ते पावणेसेहेचाळीस इंचांचे असतात, त्यामुळे हौशी खेळाडूला काळजीचं कारण नाही.

पटर

पटरला ठोकळा लागत नाही, पण डोळा जास्त लागतो. इथे नियम वेगळा आहे: ग्रिपच्या माथ्यापासून शाफ्टच्या अक्षाच्या रेषेत थेट सोलपर्यंत. शाफ्ट सरळ असेल आणि हीलजवळ बसवलेला असेल तर सोपं आहे. पण कित्येक पटरचा शाफ्ट खाली वाकवलेला असतो, किंवा हेडच्या मधोमध बसवलेला. नियम सांगतो की सोलपासून जास्तीत जास्त पाच इंचांपर्यंतच हा वाक असावा, त्याच्या वर शाफ्ट सरळ हवा. तेव्हा पटर जमिनीवर सपाट टेकवा, पट्टी वरच्या सरळ भागाला लावा आणि वाकाकडे दुर्लक्ष करून तशीच सरळ सोलच्या पातळीपर्यंत न्या. टेप वाकाबरोबर वळवली तर माप खोटं येतं.

पटर अगदी उभा धरूनही मोजू नका. त्याचा शाफ्ट लंबापासून निदान 10 अंश कललेला असावा असा नियमच आहे, आणि नेहमीचे पटर वीसेक अंश कललेले असतात. उभा धरला की सोल टोवर किंवा हीलवर उचलला जातो आणि पाव इंच सहज इकडचा तिकडे होतो.

दुकानातला पटर बहुधा 33 ते 35 इंचांचा असतो. लांबीला वरची मर्यादा मात्र नाही. अ‍ॅडम स्कॉटने 2013 चं मास्टर्स जिंकलं ते छातीपर्यंत येणाऱ्या लांब पटरने. 2016 पासून बंदी आली ती असा पटर अंगाला टेकवून फटका मारण्यावर. त्याच्या लांबीवर आजही बंदी नाही.

माप झालं की लगेच करवत उचलू नका. अर्धा इंच कापला तर स्विंगवेट, म्हणजे फटका मारताना हेड किती जड लागतं त्याचं माप, साधारण तीन अंकांनी उतरतं, हेड हलकं लागायला लागतं, आणि कापलेला शाफ्ट परत जोडून तसाच होत नाही. आधी ग्रिप थोडी खाली धरून काही दिवस खेळून पाहा. तरीही कापायचाच असेल तर कारागिराला नुसता आकडा सांगू नका. ठोकळ्यावर मोजला की फरशीवर, टोपी धरून की सोडून, हेही सांगा आणि त्याच्यासमोर एकदा मोजून घ्या.