‘च’चा हट्ट

मुलांनो, सुरत-भुसावळ लोहमार्गावर आमचे नवापूर हे स्थानक लागते. या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आहे आणि काही गुजरातेत. फलाटावरील एका बाकावर तर दोन राज्यांची सीमारेषा रंगवलेली आहे! बाहेरगावचे लोक त्या बाकावर बसून हौसेने छायाचित्रे काढून घेतात.

समजा, या फलाटावर दोन प्रवासी धावत आले आणि दोघांच्याही डोळ्यांदेखत गाडी सुटली. पहिला क्षणभर हळहळला, पुढच्या गाडीची चौकशी करून आला आणि बाकावर टेकला. दुसऱ्याने मात्र कपाळावर हात मारून घेतला. हमालावर तो खेकसला, बरोबरच्या मुलावर ओरडला आणि तासभर स्वतःलाच दोष देत बसला. गाडी एकच, चुकण्याची वेळ एकच आणि होणारा खोळंबाही सारखाच. मग दोघांच्या मनःस्थितीत एवढा फरक कशामुळे पडला?

गाडी चुकली म्हणून दुसरा प्रवासी संतापला, असे आपण सहज म्हणतो. पण ते कारण पुरेसे नाही. तसे असते, तर पहिलाही तितकाच संतापला असता. गाडी चुकणे आणि संतापणे या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट दडलेली आहे. ती म्हणजे प्रत्येकाने मनाशी केलेले बोलणे. “गाडी मिळाली असती तर बरे झाले असते,” असे पहिला मनाशी म्हणाला. “गाडी मिळायलाच हवी होती!” असे दुसरा म्हणाला.

या दोन वाक्यांतील ‘च’कडे नीट लक्ष द्या. व्याकरणात त्याला आपण शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतो. अक्षर एवढेसे, पण ते इच्छेला चिकटले की इच्छेचा हुकूम होतो. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत’ हा हुकूम झाला. इच्छा अपुरी राहिली, तर माणूस खंतावतो आणि पुन्हा कामाला लागतो. हुकूम मोडला गेला, तर तो खचतो, चिडतो किंवा घाबरून जातो. हुकूम कोणावर सोडलेला असतो, हेही पाहावे. कधी तो स्वतःवर असतो, कधी इतरांवर, तर कधी साऱ्या जगावर. जणू पावसाने, परीक्षेने आणि आगगाडीने आपल्याच मर्जीने वागण्याचे वचन दिले आहे!

हा विचार फार जुना आहे. एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ जन्माने गुलाम होता. माणसाला व्याकूळ करते ते घटनेविषयीचे त्याचे मत होय, घटना नव्हे, असे तो सुमारे १९०० वर्षांपूर्वी शिकवीत असे. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ थेट मनाला उद्देशूनच रचले आहेत. परंतु या विचाराला उपचाराचे शिस्तबद्ध रूप दिले, ते अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने.

एलिस यांचा जन्म १९१३ सालचा. लहानपणी त्यांना मूत्रपिंडाचा विकार होता, त्यामुळे त्यांचे कितीतरी दिवस रुग्णालयात गेले. मुलगा हुशार, पण अतिशय बुजरा. चार लोकांसमोर बोलायचे म्हटले की त्याच्या छातीत धडधडे. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवले, की ज्याची भीती वाटते तेच पुनःपुन्हा करायचे. तो सभांमधून बोलू लागला. पहिली भाषणे अडखळतच झाली, पण काही आठवड्यांनी भीती ओसरली. मग न्यूयॉर्कमधील एका वनस्पती-उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी दोन शब्द बोलण्याचा त्याने महिनाभर परिपाठ ठेवला. काही जणी उठून निघून गेल्या. शंभरेक जणींशी त्याचे बोलणे झाले. कोणी ओरडले नाही, कोणी पोलिसांना बोलावले नाही. ज्या अनर्थाच्या कल्पनेने तो इतकी वर्षे गप्प राहिला होता, तो अनर्थ घडलाच नाही.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर एलिस यांनी १९५५ साली आपली नवी उपचारपद्धती सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ साली एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. तो ३६ वर्षे चालला! दूरदेशीच्या गुरूकडून टपालाने विद्या मिळवावी आणि ती आपल्या भाषेत आणावी, हे काम मला फार मोलाचे वाटते. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या जीवनावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या संस्थेनेही हा विचार शाळाशाळांतून पोचवला.

हा उपचार चालतो कसा? एक उदाहरण कल्पू या. सातवीतील एक मुलगी वक्तृत्वस्पर्धेत बोलता बोलता मध्येच विसरली. मागच्या रांगेतील मुले हसली. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडीनाशी झाली. शाळेत निघायची वेळ आली, की तिच्या पोटात दुखू लागे. वैद्यांनी तपासले, औषध दिले; पण रविवारी पोटदुखी नसे! अखेर आई तिला समुपदेशिकेकडे घेऊन गेली. ताईंनी तिला धीराचे शब्द सांगितले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले.

“मुले हसली, तेव्हा तू मनाशी काय म्हणालीस?”

“मी अगदी नालायक आहे, असं म्हणाले.”

“भाषणाचा एक परिच्छेद विसरलीस. त्यावरून सगळीच्या सगळी तू नालायक, हे कसं ठरलं?”

“पण ताई, मी चुकायला नकोच होतं!”

“न चुकतीस तर छान झालं असतं, हे मला मान्य आहे. पण चुकताच कामा नये, हा नियम कुठे लिहिला आहे?”

मुलगी गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “कुठेच नाही. पण ते हसले, ते मला सहन होत नाही.”

“त्या गोष्टीला किती दिवस झाले?”

“वीस.”

“म्हणजे वीस दिवस तू ते सहन केलंस. कठीण गेलं, पण केलंस. मग ‘सहन होत नाही’ हे खरं की ‘आवडत नाही’ हे खरं?”

येथे मुलीला पहिल्यांदा हसू आले. ताईंनी तिच्या एकेका समजुतीला तीन कसोट्या लावल्या होत्या : याला पुरावा आहे का? हे तर्काला धरून आहे का? आणि असे मानल्याने माझे काही भले होते का? मात्र केवळ बोलण्याने भागत नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गात रोज एक प्रश्न मोठ्याने विचारायचा, उत्तर चुकले तरी हात वर करायचा, असा अभ्यास तिला मिळाला. एलिस यांचे अभ्यास तर याहून गमतीचे असत. लाजेने गोठून जाणाऱ्या माणसाला ते केळ्याला दोरी बांधून रस्त्याने फिरवायला सांगत, नाहीतर चालत्या गाडीत पुढच्या स्थानकाचे नाव मोठ्याने पुकारायला लावत. लोक हसतात, क्षणभर पाहतात आणि आपापल्या कामाला लागतात, हे त्याला डोळ्यांनी दिसे.

यावरून कोणी असे समजू नये, की शहाण्या माणसाला दुःख होतच नाही. २००६ सालच्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांत बर्ड फ्लूची लागण जाहीर झाली. भारतात हा रोग प्रथमच आढळला होता. लाखो कोंबड्या नष्ट करून पुराव्या लागल्या. मुलांनो, ज्याने कर्ज काढून पाखरे वाढवली, त्याचे दुःख खरे होते. ‘असे व्हायचे ते होणारच’ म्हणून त्याला गप्प बसवणे हा उपचार नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. परंतु ‘माझे फार मोठे नुकसान झाले’ आणि ‘मी कायमचा संपलो’ या दोन वाक्यांत अंतर आहे. पहिल्या वाक्याने डोळ्यांत पाणी येते आणि त्यानंतर हिशेबाची वहीही उघडता येते. दुसऱ्या वाक्याने हातपाय गळतात.

भीतीचेही तसेच आहे. आजारी पक्ष्यांना हात लावू नये, मांस व अंडी नीट शिजवून खावीत, ही काळजी विवेकाची होती. नीट शिजवल्यावर हा विषाणू टिकत नाही, असे तज्ज्ञ सांगत होते. तरीही दूरदूरच्या शहरांत लोकांनी कोंबडीचे नावही टाकले आणि जेथे रोग नव्हता, तेथील व्यवसायही बुडाले. नवापुरात त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. २०२१ साली हे संकट नवापुरावर पुन्हा आले.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. कोणी तुम्हांला मारत असेल, छळत असेल किंवा नको तसे वागत असेल, तर तेथे दोष तुमच्या समजुतीचा नाही. ते वागणे चुकीचे आहे आणि ते मोठ्या माणसांना सांगून थांबवले पाहिजे. तसेच काही मनोविकार असे असतात, की ज्यांना औषधांचीच गरज लागते. विवेकनिष्ठ उपचाराची जागा त्यांच्या शेजारी आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

मन फार दिवस जड राहिले, झोप उडाली, खेळावेसे वाटेनासे झाले, तर आई-वडिलांना, गुरुजींना किंवा बाईंना सांगावे. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवाही सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. त्यावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. मराठीतून बोलले तरी चालते.